डाळिंबाचा रस, पावाचा तुकडा आणि थुंकी

मागच्या आठवड्यात सांगोल्याच्या मामाचा फॉरवर्ड आला, "डाळिंबाच्या रसाने शुगर ३३ टक्के उतरते, इंग्लंडात सिद्ध", आणि खाली मामाने टाइप केलेलं, "बॉक्सवर छापू का रे?" मामाची भगव्या डाळिंबाची बाग आहे आणि त्याला स्वतःला आठ वर्षं डायबेटिस आहे, त्यामुळे प्रश्न दोन्ही बाजूंनी जिव्हाळ्याचा. मला पण खरं निघालं तर हवंच होतं.

आता गंमत अशी की फॉरवर्ड चक्क खोटा नव्हता. लीड्स विद्यापीठातल्या लोकांनी २०१७ साली हा प्रयोग छापलाय. १६ निरोगी माणसं, त्यांना पांढरा पाव खायला दिला, एकदा सोबत २०० मिली डाळिंबाचा रस आणि एकदा साखर तेवढीच असलेलं दुसरं पेय, म्हणजे प्रत्येक माणूस स्वतःशीच ताडून बघितला. रसासोबत पाव खाल्ल्यावर शुगरचा चढ जवळपास एक तृतीयांश कमी. इथवर फॉरवर्ड बरोबर. पण त्याच प्रयोगमालिकेत डाळिंबाचाच अर्क सप्लिमेंट म्हणून दिला तेव्हा असा फायदा दिसला नाही, आणि हे वाक्य फॉरवर्डमध्ये अर्थातच नव्हतं.

"निरोगी" हा शब्द पण सगळे गाळतात. मोठ्या माणसात रक्त साधारण पाच लिटर, उपाशीपोटी शुगर ९० (म्हणजे १०० मिली रक्तात ९० मिलिग्रॅम) धरली तर अख्ख्या अंगातल्या रक्तात ग्लुकोज होतं साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा! आणि २०० मिली डाळिंबाच्या रसात साखर असते २५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पाच-सहा चमचे. निरोगी माणसाचं इन्सुलिन हा सगळा भार येईल तसा उचलून परत एका चमच्यावर आणून ठेवतं, त्यामुळे त्याची उपाशीपोटीची शुगर रसाने आणखी खाली जाईल तरी कुठे? त्यात घरच्या ग्लुकोमीटरला १०० च्या खाली १५ पॉइंट इकडेतिकडे दाखवायची मुभा आंतरराष्ट्रीय मानकातच आहे, तेव्हा "रस घेऊन ९४ ची ८६ झाली" यात काही दम नाही. २०१७ मध्येच डाळिंबावरच्या १६ चाचण्या, एकूण ५३८ माणसं, एकत्र करून बघितल्या गेल्या; उपाशीपोटीच्या शुगरवर किंवा इन्सुलिनवर काही खास परिणाम सापडला नाही. जो फरक पडतो तो जेवतानाचा, आणि तो का पडतो हे मला भयंकर आवडतं.

पाव-पोळीतलं पिष्ट, म्हणजे स्टार्च, ही ग्लुकोजची लांबच लांब माळ. ती कापायला तोंडातच कात्री असते, थुंकीतलं अमायलेज. पोळीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो तो यामुळेच, शाळेत सगळ्यांनी केलंय. आपण समजतो की घास पोटात पडला की आम्लात कात्री बंद, पण पाव-पोळीचा गोळा आतून कोरडाच असतो, आम्ल मुरायला वेळ लागतो, आणि तोवर गोळ्याच्या आत कापाकापी चालूच. पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाचं अमायलेज येतं, आणि उरलेले दोन-दोन मण्यांचे तुकडे आतड्याच्या भिंतीवरची एन्झाइम्स तोडतात. डायबेटिसची अकार्बोज नावाची गोळी नेमकी याच कात्र्या बोथट करते (आणि पोटात गॅस करते, कारण न पचलेलं पिष्ट मोठ्या आतड्यातले जंतू खातात). डाळिंबातलं प्युनिकॅलॅजिन हे टॅनिन परीक्षानळीत अमायलेजला असंच जखडतं, तोंड तुरट करणाऱ्यांपैकीच ते, आणि अँटिऑक्सिडंट म्हणून मिरवणाऱ्या पॉलिफेनॉलांपैकीही.

मग ज्यात जास्त अँटिऑक्सिडंट ते जास्त भारी? नाही ना! फ्रान्समधल्या संशोधकांनी १० निरोगी लोकांना पावाबरोबर पाणी, काळा चहा किंवा लिंबाचा रस दिला. चहात पॉलिफेनॉल भरपूर, पण फरक शून्य. लिंबाने मात्र शुगरचं शिखर ३० टक्के खाली आलं आणि अर्ध्या तासाहून जास्त उशिरा आलं. लिंबू घासात लगेच मुरतं, पीएच पडतो, थुंकीची कात्री जागच्या जागी थांबते. यात ऑक्सिडेशनचा काही संबंधच नाही.

घरी करून बघा. भाताची पातळ पेज कोमट करून दोन वाट्यांत घ्या, एकीत चमचाभर व्हिनेगर, मग दोन्हींत सारखीच थुंकी (बायको घरात नसताना), पंधरा मिनिटांनी पाण्यात पातळ केलेल्या बेटाडिनचे थेंब (त्यातलं आयोडीन पिष्ट दिसलं की निळं होतं). साध्या वाटीत पिष्ट कापलं गेलेलं, निळं उमटत नाही. व्हिनेगरच्या वाटीत शाईसारखं निळंशार. व्हिनेगरच का, तर मी आधी लिंबू पिळलं आणि फसलो: निळा रंग आला आणि बघता बघता उडाला. मला वाटलं पिष्ट संपलं, पण लिंबातलं क जीवनसत्त्व आयोडीनलाच गिळत होतं. अँटिऑक्सिडंट म्हणजे हेच की, दुसऱ्याला इलेक्ट्रॉन देऊन टाकणारं रसायन! वाटीत ते दिसतं, मोजता येतं, आणि असल्याच मापांच्या ओरॅक आकड्यांवर (कशात किती अँटिऑक्सिडंट ते सांगणारे परीक्षानळीतले गुण) बाटल्या विकल्या गेल्या. लोक त्याचा भलताच अर्थ लावतात म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये ते तक्ते काढून टाकले. आपल्याकडे बागेच्या गेटवर सकाळी सहाला कारलं-जांभूळ-आवळा ज्यूसवाला अजून "इन्सुलिनची गरज नाही" सांगतोय, आणि चांगले शिकलेले रिटायर्ड लोक रांगेत. हे अंगाऱ्यापेक्षा वाईट, अंगाऱ्यात निदान साखर नसते.

मामाला फोन करून सांगितलं की मामा, ते सोळा जण धडधाकट होते, तुम्ही गोळ्या बंद करू नका, दाणे खा, रस नको, चोथ्यासकट जातं ते बरं. मामा म्हणाला, "दाणे तर रोजच खातो रे, बॉक्सचं बोल."

तिसऱ्या वाटीत डाळिंबाचा रस घालून बघायचाय, पण त्या लालभडक रंगात निळं ओळखायचं कसं ते अजून सुचलेलं नाही.