अतिस्तन्यस्राव

बाळाच्या गरजेपेक्षा बरेच जास्त दूध सातत्याने तयार होणे आणि त्यामुळे आईला, बाळाला किंवा दोघांनाही त्रास होणे, अशी अंगावर पाजणाऱ्या स्त्रीची अवस्था. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरताना छाती दाटते, ती अवस्था वेगळी. त्या दाटण्यात रक्त आणि ऊतींतील द्रव यांचाही वाटा असतो व ते बहुधा काही दिवसांत ओसरते. प्रस्तुत नोंद त्यानंतरही आटोक्यात न येणाऱ्या स्रावापुरती आहे.

नेमके किती दूध म्हणजे जास्त, याचा सर्वमान्य आकडा नाही. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील संशोधक पीटर हार्टमन यांच्या गटाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत, एक ते सहा महिन्यांच्या निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळांनी २४ तासांत सरासरी ७८८ ग्रॅम दूध घेतल्याचे आढळले. पण कोणी ४७८ ग्रॅमवर भागवत होते, तर कोणी १,३५६ ग्रॅम पीत होते. एवढी तफावत निरोगी बाळांतच दिसत असेल तर केवळ पंपाच्या बाटलीवरील रेघ पाहून निदान करणे योग्य नाही. लक्षणांवरून निदान करण्याकडे असलेला अलीकडचा कल अधिक ग्राह्य वाटतो. पाजून झाल्यावरही छाती जड राहणे, दूध सतत गळणे, वरचेवर गाठी होणे किंवा स्तनदाह उद्भवणे ही आईची लक्षणे. पान्हा फुटताच बाळाला ठसका लागणे, त्याने स्तन सोडून रडणे, पोटात वायू धरणे, हिरवट फेसाळ शी होणे, वजन झपाट्याने वाढणे ही बाळाची.

प्राचीन उल्लेख : सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या अध्यायात धातू (शरीर घडवणारे घटक), उपधातू (त्यांपासून होणारे दूध इत्यादी) व मल यांच्या क्षयवृद्धीची, म्हणजे घटण्या-वाढण्याची, लक्षणे दिली आहेत. तेथे स्तन्यवृद्धीची तीन लक्षणे येतात : स्तन पुष्ट व भरलेले होणे, दूध पुनःपुन्हा वाहणे आणि टोचल्यासारखी वेदना. या संहितेचा मूळ गाभा काही अभ्यासक इसवी सनापूर्वी कित्येक शतके मागे नेतात. आजची संहिता मात्र अनेक हातांतून गेलेली असून तिचे उपलब्ध रूप इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत सिद्ध झाले असावे, हे मत अधिक संयत आहे. प्रस्तुत वचन कोणत्या थरातील आहे हे त्यावरून ठरत नाही. याच अध्यायात वाढलेल्या धातूंबाबत सर्वसाधारण नियम आहे की, शोधन (शरीरशुद्धी) आणि क्षपण (वाढ घटवणे) करावे, पण त्यातून क्षय ओढवेल असे उपचार करू नयेत. आजच्या उपचारांतही हीच सावधगिरी मध्यवर्ती आहे. चरकसंहितेत मात्र दूध वाढवणाऱ्या आणि दूध शुद्ध करणाऱ्या औषधींचे प्रत्येकी एक दशक (दहा औषधींचा गट) सांगितले असून दूध कमी करणाऱ्या औषधींचे स्वतंत्र दशक नाही. दूध कमी पडण्याची चिंता जुन्या वैद्यकापासून आजच्या स्वयंपाकघरापर्यंत अशी ठळक आहे. अळिवाचे लाडू, मेथी, शतावरी, खसखशीची खीर हे सारे एकाच दिशेने काम करावे म्हणून दिले जाते. ‘दूध जास्त आहे, नशीबवान आहेस’ एवढे ऐकवून दुखणाऱ्या बाळंतिणीला परत पाठवले जाते, ही उपेक्षा थांबायला हवी.

कारणमीमांसा : वार पडल्यानंतर प्रोजेस्टेरॉन हे गर्भधारणा टिकवणारे संप्रेरक उतरते, प्रोलॅक्टिन या दूध तयार करवणाऱ्या संप्रेरकाला मोकळीक मिळते आणि दूध उतरते. हा पहिला टप्पा मुख्यतः रक्तातील संप्रेरकांच्या ताब्यात असतो. पुढे प्रत्येक स्तन बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे, रिकामा होईल तसा भरू लागतो. हे स्थानिक नियंत्रण नेमके कशाने होते, हा वादाचा विषय आहे. स्कॉटलंडमधील एअर येथील हॅना संशोधन संस्थेत शेळ्यांवर झालेल्या प्रयोगांत कासेची एकच बाजू जास्त वेळा पिळली असता तेवढ्याच बाजूचे दूध वाढले. रक्तातील संप्रेरके तर दोन्ही बाजूंना सारखीच पोहोचत होती. कासेत साठलेले दूध निरुपद्रवी द्रावणाने पातळ केले तरीही स्राव वाढला. म्हणजे केवळ दाब नव्हे, तर दुधातीलच एखादा घटक स्राव रोखत असावा, असे अनुमान माल्कम पीकर, कॉलिन वाइल्ड आदी संशोधकांनी मांडले आणि दुधाच्या निवळीतील एका लहान प्रथिनाकडे बोट दाखवले. या प्रथिनाची ओळख पुढे समाधानकारकपणे पटली नाही. २००० नंतर स्तनपेशींतच तयार होणाऱ्या सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाकडे लक्ष वळले असून, सेरोटोनिन आणि ताणलेल्या पेशींवरील दाब हे मिळून काम करतात, हा पक्ष सध्या अधिक सबळ दिसतो. व्यवहारात मात्र निष्कर्ष एकच : साठून राहिलेले दूध नवे दूध तयार होण्याचा वेग मंदावते, आणि ‘छाती पूर्ण मोकळी करा’ हा प्रेमाने दिलेला सल्ला अतिस्रावाला खतपाणी घालतो.

अमेरिकेतील स्तनपानवैद्यक अकादमीच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांत कारणांचे तीन गट केले आहेत : आईने स्वतः ओढवून घेतलेला, वैद्यकीय सल्ल्यामुळे किंवा औषधामुळे झालेला आणि अज्ञात कारणाचा. पहिल्या गटात फ्रिजमध्ये साठा करण्यासाठी रोज पंप लावणे येते. दुसऱ्यात दूध वाढावे म्हणून दिलेले डोम्पेरिडोन किंवा मेटोक्लोप्रामाइड. प्रोलॅक्टिन वाढवणारी, मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीची गाठ क्वचित आढळते.

बाळाच्या तक्रारींचे स्पष्टीकरण बहुतांशी वुलरिज आणि फिशर या संशोधकांच्या १९८८ सालच्या निबंधावर उभे आहे. स्तन रिकामा होत जातो तसे दुधातील स्निग्धांश वाढतात. बाळाला एका बाजूवरून लवकर काढून दुसऱ्या बाजूला लावले, तर कमी स्निग्ध, पातळ दूध पोटात अधिक जाते, ते जठरातून भरभर पुढे सरकते आणि आतड्यावर लॅक्टोजचा (दुधातील साखरेचा) भार पडतो. यावरून आधीचे दूध व नंतरचे दूध असे दोन प्रकार मानण्याची प्रथा पडली. प्रत्यक्षात बदल क्रमाक्रमाने होतो, मध्ये सीमा नसते.

उपाय : प्रथम दूध वाढवणारे पदार्थ व औषधे थांबवावीत आणि पंपाचा वापर एकदम न तोडता हळूहळू कमी करावा. छाती असह्य झाली तर हाताने आराम पडेल एवढेच दूध काढावे. आईने मागे रेलून बाळाला छातीवर पालथे घेतल्यास वेगाने येणारा पान्हा बाळाला पेलतो. नेदरलँड्समधील व्हान व्हेल्डहाइझेन-स्टास यांनी २००७ साली वर्णिलेली रीत सर्वाधिक चर्चेत आहे. एकदा दोन्ही स्तन शक्य तितके मोकळे करून नंतर ठरावीक तास एकाच बाजूला, बाळ मागेल तेव्हा, पाजायचे आणि मग बाजू बदलायची. सुरुवात साधारण तीन तासांपासून करून गरजेप्रमाणे अवधी वाढवतात. तिचा पुरावा मोजक्या मातांच्या वृत्तान्तांपुरता आहे. बाळाचे वजन आणि आईची छाती यांवर जाणकाराची नजर नसेल तर दूध जास्तच आटण्याची किंवा स्तनदाहाची भीती राहते. पहिल्या काही आठवड्यांत, स्राव अजून स्थिरावलेला नसताना, ही रीत वापरू नये.

गाठ झाल्यास जोराने चोळण्याचा आणि शेकण्याचा रिवाज आहे. उपर्युक्त अकादमीच्या २०२२ सालच्या सूचना याच्या उलट आहेत : जोरदार मर्दन टाळावे, थंड पट्टी ठेवावी, बाळाला नेहमीप्रमाणे पाजावे, अधिकचे दूध काढू नये. ताप, थंडी किंवा लाल चट्टा टिकून राहिल्यास डॉक्टरांकडे जावे.

एवढ्याने भागले नाही तर औषधे. सर्दीवरील स्यूडोएफेड्रिनच्या ६० मिलिग्रॅमच्या एका मात्रेने दिवसभराचे दूध सरासरी २४ टक्क्यांनी घटल्याचे २००३ साली आठ स्त्रियांवरील अभ्यासात दिसले. कॅबर्गोलिन प्रोलॅक्टिन उतरवते. ब्रोमोक्रिप्टिनही उतरवते, परंतु वाढलेला रक्तदाब, झटके व पक्षाघात यांच्या नोंदींमुळे दूध बंद करण्यासाठी त्याचा वापर अमेरिकेत १९९० च्या दशकात मागे घेतला गेला. यांतील कोणतेही औषध स्वतःहून घेऊ नये.

दूध आटवण्यासाठी छातीवर मोगऱ्याची फुले बांधण्याचा उपाय दक्षिण भारतात परिचित आहे. वेल्लोर येथील डॉक्टरांनी त्याची ब्रोमोक्रिप्टिनशी तुलना करून १९८८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रोलॅक्टिन दोन्हींनी घटले, ब्रोमोक्रिप्टिनने अधिक. तो अभ्यास दूध पूर्ण थांबवण्याचा होता, आटोक्यात ठेवण्याचा नव्हे.

दुग्धदान : मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी सुरू झाली. जमा झालेले दूध ६२.५° सेल्सिअसवर ३० मिनिटे तापवून निर्जंतुक करतात आणि मुख्यतः अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांना देतात. दात्या मातेची रक्ततपासणी होते व मोबदला दिला जात नाही. भारतात मानवी दुधाच्या व्यापाराला अनुमती नसल्याचे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२४ साली स्पष्ट केले. अतिस्रावाने त्रासलेल्या स्त्रीला हा मार्ग अनेकदा सुचवला जातो आणि त्याने अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे खरोखर भले होते. मात्र दानासाठी नियमाने पंप लावत राहिल्यास स्राव चढाच राहतो. म्हणून आधीच साठलेले आणि स्राव उतरवताना निघणारे दूध द्यावे, दानासाठी म्हणून जास्त काढू नये.