चक्रीय अर्थव्यवस्थेविषयीची लोकजाणीव (गोवा)

वस्तू वापरून टाकून न देता दुरुस्ती, पुनर्वापर आणि पुनर्चक्रीकरण करून ती दीर्घकाळ उपयोगात ठेवणाऱ्या व्यवहाराबद्दल लोकांची माहिती, सवय व वृत्ती. विकसनशील देशांत हा व्यवहार जुना आणि नाव नवे. त्यामुळे ‘चक्रीय अर्थव्यवस्था म्हणजे काय?’ एवढेच विचारून जाणीव मोजणे चुकीचे ठरते.

गोव्यात माडाचे काही वाया जात नसे. चुडतांची (माडाच्या पानांची) झावळे विणत, हिरांची (पात्यांच्या काड्यांची) केरसुणी होई, करवंटीची दवली (डाव), आणि सोडणे (नारळाची सालपटे) चुलीत जात. चवथीला गणपतीच्या वर टांगतात ती माटोळी तर रानातल्या फळापानांचीच. उतरवल्यावर ती पुन्हा मातीत जाते. ही काटकसर मोडली ती मोल नसलेल्या वेष्टनांनी. बिअरची रिकामी बाटली भंगारवाला घेतो, म्हणून ती घरात जपून ठेवतात; शॅम्पूची पुडी कोणी घेत नाही, म्हणून ती व्हाळात (ओढ्यात) जाते. माणसे तीच असतात.

कचरा प्रकल्पांना होणारा विरोध अज्ञानातून होतो, असे सरसकट म्हटले जाते. ते अन्यायाचे आहे. मडगावजवळच्या सोनसडो येथे वर्षानुवर्षे कचऱ्याचा डोंगर साचला आणि 2019 मध्ये तो पेटला. तो धूर पाहिलेल्या राज्यात जुने गोवे परिसरातील रहिवाशांनी बायंगिणीच्या नियोजित प्रकल्पाला विरोध केला, तर त्यामागे अनुभव आहे. साळगाव येथे 2016 पासून ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस व वीज तयार होते. काकोड्यालाही नंतर प्रकल्प उभा राहिला. दुर्गंधीविना चाललेला प्रकल्प लोकांचे मत जितके बदलतो, तितके कोणतेही फलक बदलत नाहीत. पणजीत घरोघरी कचऱ्याचे वर्गीकरण रुजले, तेही रोजच्या संकलनामुळे.

वर्गीकरणाचे श्रेय घेताना भंगार वेचणाऱ्यांचा उल्लेख क्वचित होतो. त्यांतले अनेक परराज्यांतून आलेले आहेत. पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिल्यावर या कामाकडे श्रम म्हणून पाहिले जाऊ लागले. गोव्यात ही दृष्टी अजून पुरेशी रुजलेली नाही.

2024 मध्ये गोवा सरकारने अनामत-परतावा योजना अधिसूचित केली. तिच्यानुसार वेष्टनासाठी अनामत भरायची आणि रिकामे वेष्टन परत केले की ती परत मिळवायची. सोड्याची काचेची बाटली दुकानात देऊन पैसे सोडवून घेणाऱ्या पिढीला ही रीत समजावून सांगावी लागत नाही.