व्हॅक्यूम यंत्र आणि स्पिरिटचा घोळ

१९४८ साली एलपी, म्हणजे लाँग प्ले ही गाण्यांची व्हायनिलची तबकडी, आली ती ‘न फुटणारी’ म्हणून. धूळ ओढून घेणारी हे कुणी सांगितलं नव्हतं. व्हायनिल हे पीव्हीसीच्याच जातीचं प्लास्टिक. पाकिटातून नुसती बाहेर काढली तरी तबकडीवर स्थिर वीज साठते आणि खोलीतली धूळ तिच्यावर येऊन बसते. आधी मखमलीच्या गाद्या आणि छोटे ब्रश वापरून झाले, पण त्यांनी धूळ निघण्यापेक्षा फिरायचीच जास्त. मग लोक पाण्याकडे वळले. सुई जिच्यातून फिरते ती खाच मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपास. पाणी तिच्यात सुकलं की मळ तळाशीच घट्ट बसतो. काहींनी तबकडी ओलीच वाजवायची पद्धत काढली. पुढे ती कोरडी लावली की कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज.

म्हणून व्हॅक्यूम. नाव फसवं आहे, कारण मळ सोडवतं ते पाणी. व्हॅक्यूमचं काम ते गढूळ पाणी सुकायच्या आत ओढून घेण्याचं. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकात ही कल्पना आकाराला आली आणि १९६९ च्या सुमारास रेडिओच्या रेकॉर्ड-संग्रहांसाठी तसं यंत्र बनू लागलं. त्याची बारीक नळी टोनआर्मसारखी, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्यासारखी, तबकडीवरून सरकते. नळीचं तोंड आणि खाच यांच्यामध्ये एक दोरा असतो, तो रिळावरून हळूहळू पुढे येत राहतो. त्यामुळे मळलेला भाग पुन्हा तबकडीला लागत नाही.

वाद पेटला तो धुण्याच्या द्रावणावरून. डिस्टिल्ड वॉटरमध्ये आयसोप्रोपाइल अल्कोहोल, म्हणजे एक प्रकारचं स्पिरिट, घालावं की नाही? बाजूने बोलणारे म्हणतात, बोटांचा तेलकटपणा जातो आणि लवकर सुकतं. पण सुकवायला यंत्र समोर असताना हे दुसरं कारण उरतंच कुठे? विरोधक म्हणतात, अल्कोहोल प्लास्टिकमधले घटक ओढून घेतं. थोडं अल्कोहोल आणि मिनिटभराचा स्पर्श एवढ्यावर ही भीती मला अवाजवी वाटते.

खरा घोटाळा आपल्याकडे शब्दाने केला. मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी ‘७८ ची’ ती तबकडी, एलपी तीही तबकडीच. एलपी व्हायनिलची, तर ७८ ची बहुतेक लाखेची, म्हणजे चपड्याची. सुतार चपडा स्पिरिटमध्येच विरघळवतो आणि त्याचं पॉलिश कपाटाला लावतो. मी एलपीचं द्रावण एका जुन्या ७८ वर फिरवलं होतं. कापूस काळा झाला, मळ निघतोय म्हणून मी खूश. उजेडात धरली तर तेवढ्या पट्ट्यातली चकाकी गेलेली. मळाबरोबर लाखही पुसली गेली होती. लाखेला अल्कोहोल अजिबात नको, यावर वाद नाही. फक्त बाटलीवर ‘तबकडीसाठी’ एवढंच लिहिलेलं असतं.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत घरगुती यंत्रं आली. बारीक नळीऐवजी लांब फट, तिच्या दोन्ही कडांना मखमल. स्वस्त आणि झटपट, पण आवाज घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरचाच. शिवाय पाणी संपल्यावरही फेरे घालत राहिलं की कोरड्या व्हायनिलवर पुन्हा स्थिर वीज चढते. दोन फेरे पुरतात. मखमल वेळेवर बदलली नाही तर एकीचा मळ दुसरीला.

अलीकडे अल्ट्रासॉनिक, म्हणजे कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरींनी पाण्यात मळ सोडवणाऱ्या, टाक्यांची चलती आहे. खाचेच्या तळापर्यंत पोचतात हे खरं, पण बऱ्याच टाक्यांतून तबकडी बाहेर येते ती ओलीच. मग बरेच जण ती पुन्हा जुन्या यंत्राच्या फटीवर आणून ठेवतात.