पाल की सॅलमँडर? आधी कातडी बघा

मागच्या वर्षी मावशी दार्जिलिंगला गेली होती, तिथून तिने फॅमिली ग्रुपवर एका तळ्यातला फोटो टाकला, काळपट तपकिरी, वीतभर लांब, चार पाय आणि शेपूट, खाली लिहिलेलं "इथे पाली पाण्यात पोहतात बघा". तो होता सॅलमँडर, पण तिचं काही चुकलं नाही, आपल्या सह्याद्रीत सॅलमँडर नाहीच तर डोळ्याला सवय कुठून असणार. भारतात तो सापडतो तो दार्जिलिंग, सिक्कीम आणि ईशान्येकडच्या डोंगरांतच. दार्जिलिंगवाल्याला 2015 मध्ये वेगळी जात म्हणून नाव मिळालं, हिमालयानस.

पाल ही साप-मगरीच्या खानदानातली, सरपटणारी. सॅलमँडर उभयचर, म्हणजे बेडकाचा भाऊबंद, आणि आपल्याकडच्या देवगांडुळाचाही (तो गांडुळासारखा दिसणारा, बिनपायाचा उभयचर). दिसायला पालीसारखा असला तरी पालीशी त्याचं नातं खूप लांबचं.

सगळा फरक कातडीत आहे असं मला वाटतं. पालीच्या अंगावर खवले असतात, त्यातून पाणी सहज बाहेर जात नाही, म्हणून ती एप्रिल-मेच्या उकाड्यातही ट्यूबलाइटपाशी आरामात किडे खात बसते. सॅलमँडरला खवले नाहीत, कातडी ओलसर आणि त्या कातडीतूनच तो श्वासही घेतो, काही जातींना तर फुफ्फुसंच नाहीत, सगळं काम कातडी आणि तोंडाच्या आतल्या अस्तरावर चालतं. आता अशी कातडी सुकली तर जीवच जाणार, म्हणून तो दिवसा दगडाखाली, पानांखाली लपतो आणि रात्री किंवा पावसात बाहेर पडतो, हिमालयातला तर थंडीत दडूनच बसतो आणि पावसाळ्यात पिल्लांसाठी तळ्यावर येतो. म्हणूनच कळकळीने सांगतेय, दिसला तर हातात घेऊ नका, तुमच्या हातावरचं सनस्क्रीन, डासांचं क्रीम त्याच्या कातडीतून आत जाऊ शकतं. आणि त्याच्या अंगावर ज्या गाठी दिसतात ना त्यात विषारी ग्रंथी असतात, खाणाऱ्याला दूर ठेवायला. उलट ज्या घरातल्या पालीला आपण विषारी म्हणून झाडूने हाणतो तिला विष नसतंच, जंतू असू शकतात, त्यामुळे ती पडलेलं दूध फेकायचंच, पण विष नाही.

अंड्यांचंही तसंच. पाल फोटोफ्रेममागे वाटाण्याएवढी दोन पांढरी, टणक कवचाची अंडी घालते, त्यातून थेट छोटी पाल निघते. सॅलमँडरच्या अंड्याला कवच नाही, जेलीसारखं आवरण असतं आणि हिमालयातल्याचं पिल्लू पाण्यात राहतं, मानेच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले. बेडकाच्या पिल्लाला आधी मागचे पाय फुटतात, याला आधी पुढचे, मला हे फार गोड वाटतं. मेक्सिकोतला अ‍ॅक्सोलॉटल नावाचा सॅलमँडर तर मोठा झाला तरी कल्ले सोडत नाही, जन्मभर पाण्यातच.

आवाजाचं बोलायचं तर पाल चुकचुकते, सॅलमँडर बहुतेक गप्पच.

शेपटीवरून मात्र लोक हमखास गोंधळतात. पालीची तुटलेली शेपूट परत येते हे सगळ्यांना माहीत आहे, पण नवीन शेपटीत मणके नसतात, कूर्चेची, म्हणजे कानाच्या पाळीवरच्या भागासारख्या लवचीक हाडाची नळी असते, आणि पाय तुटला तर तो गेलाच. सॅलमँडरचा अख्खा पाय परत येतो, हाड, स्नायू, नसा, बोटांसकट, जखमेच्या टोकाला पेशींचा एक गोळा जमतो आणि त्यातून नवा पाय घडत जातो. माणसाच्या जखमा समजून घ्यायला शास्त्रज्ञ अ‍ॅक्सोलॉटलवर अभ्यास करतात तो यासाठीच.

फोटोवरून ओळखायचं असेल तर नखं आणि कानाचं भोक बघा, घरातल्या पालीला दोन्ही असतात, सॅलमँडरच्या डोक्याला बाजूने भोकच नसतं. आणि पुढच्या पायाची बोटं मोजा, पालीला पाच, सॅलमँडरला बहुतेक वेळा चार. मावशीचा फोटो झूम करून मोजली, चारच आहेत.