मनोविकारांवरील औषधे (मुंबई)

छिन्नमानस (स्किझोफ्रेनिया), नैराश्य, द्विध्रुवी विकार (बायपोलर), तीव्र चिंता इत्यादींवर दिली जाणारी औषधे. मुंबईत केईएम, नायर, शीव व जे. जे. रुग्णालयांत मानसोपचाराचे बाह्यरुग्ण विभाग आहेत. खाजगी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ही औषधे मेडिकलमध्ये मिळतात.

या औषधांचे भारतातील आधुनिक पर्व सर्पगंधा या औषधी वनस्पतीपासून धरतात. उन्मादात तिच्या मुळीचा वापर जुना आहे. किती जुना, याविषयी मतभेद आहेत. तिच्या आधुनिक वापराचे श्रेय मुंबईत बहुधा केईएमचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांना दिले जाते. त्यांचा १९४९ चा ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मधील निबंध मात्र ५० रुग्णांच्या उच्च रक्तदाबाविषयी होता. मनोविकारांपुरता अग्रमान कोलकात्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांच्या १९३१ च्या लेखाला देणे अधिक सयुक्तिक दिसते. रुस्तम वकील यांच्यामुळे पाश्चात्त्यांचे लक्ष या वनस्पतीकडे गेले, हे मात्र निर्विवाद. १९५२ मध्ये सीबा या स्विस औषध कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातून रेसरपीन हे औषधी द्रव्य वेगळे केले. रक्तदाब फार उतरणे व खिन्नता येणे या तक्रारींमुळे, तसेच क्लोरप्रोमाझीन हे मनोविकारांवरील नवे औषध हाती आल्याने, ते मागे पडले. एवढा देशी पूर्वेतिहास असूनही या गोळ्या ‘इंग्रजी आणि गरम’ समजल्या जातात.

सर्वांत घट्ट भीती सवय लागण्याची. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम या चिंता शमवणाऱ्या गोळ्यांबाबत ती रास्त आहे. २०१४ पासून दुकानदाराला अल्प्राझोलमची विक्री रुग्णाच्या व डॉक्टरच्या नावासह स्वतंत्र वहीत नोंदवावी लागते. नैराश्यावरील सर्ट्रालीन किंवा छिन्नमानसावरील रिस्पेरिडोन यांचे तसे व्यसन लागत नाही, पण घरोघरी सगळ्याच ‘झोपेच्या गोळ्या’ ठरतात. नैराश्यावरील गोळीचा गुण येण्यास सामान्यतः दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, सुस्ती पहिल्याच दिवसांत जाणवते. नेमके तेव्हाच ‘डोकं जड होतंय ना, मग बंद कर’ असे आपुलकीने सांगितले जाते आणि रुग्णाचे नुकसान होते. नैराश्यावरील गोळी एकाएकी सोडल्यावर चक्कर वा बेचैनी आली, तर ती व्यसनाची खूण मानू नये. मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवायची असते.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १८ नुसार आवश्यक यादीतील औषधे सरकारी आस्थापनांत मोफत मिळणे हा हक्क आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात विकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना आढळले. त्यातील १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे हे आकडे मुंबईला जसेच्या तसे लावू नयेत. द्विध्रुवी विकारावरील लिथियमची गोळी स्वस्त आहे, पण तिच्याबरोबर रक्तातील प्रमाण व मूत्रपिंडाचे कार्य वेळोवेळी तपासावे लागते. पालघर-कर्जतहून लोकलने येणाऱ्या रोजंदारीवाल्याचा अशा प्रत्येक तपासणीला एक खाडा पडतो.