शोकांतिकेचं नेपथ्य: काम ठरवण्याआधी वाचा

शोकांतिका करायची म्हटली की आमच्याकडे येणारी मागणी जवळजवळ ठरलेली असते: काळे पडदे, तडे गेलेल्या भिंती, कोपऱ्यात एक वठलेलं झाड. हवं असेल तर आम्ही करून देतो, पण आधी एकदा हटकतो. पडदा उघडताच रंगमंच सुतकात दिसला, तर प्रेक्षकाला शेवट तिथेच कळतो आणि पुढचे दोन तास तो नुसता वाट बघत बसतो. जे घर उद्ध्वस्त होणार आहे, ते पहिल्या अंकात नांदतं दिसू द्या. वापरातल्या खुर्च्या, खिडकीतून येणारं ऊन, एवढंही पुरतं.

सगळ्यात जास्त विचार दाराचा करा. ग्रीक शोकांतिकांत मृत्यू सहसा प्रेक्षकांसमोर घडत नसे. 'अ‍ॅगॅमेम्नॉन' या एस्किलसच्या नाटकात (इ.स.पू. ४५८) राजा उंची, लालभडक वस्त्रांच्या पायघड्यांवरून राजवाड्यात शिरतो. आपल्या कानावर पडतात त्या फक्त आतून आलेल्या किंकाळ्या. तेवढा वेळ सगळं नाटक ते दार पेलतं. म्हणून दाराची चौकट आम्ही भक्कम लाकडाची करतो आणि मागून तिरके टेकू देतो. दार आपटल्यावर भिंत थरथरली, तर ऐन मरणाच्या प्रसंगात हशा पिकतो.

भिंतीही बोलतात. 'डेथ ऑफ अ सेल्समन' या आर्थर मिलरच्या नाटकात (१९४९) वर्तमानातली पात्रं भिंती पाळतात, दारातूनच ये-जा करतात. गतकाळाच्या प्रसंगांत मात्र ती सरळ भिंतीतून पलीकडे जातात. त्या छोट्या घराला चहूबाजूंनी उंच इमारतींनी घेरलेलं असतं. नायकाची घुसमट त्यानं तोंड उघडण्याआधीच पोचते.

रंग चकचकीत नको, प्रकाश पडला की फ्लॅट (भिंती म्हणून उभ्या केलेल्या रंगवलेल्या चौकटी) चमकतात. निव्वळ काळ्यापेक्षा गडद तपकिरी किंवा करडा बरा. बाजूनं प्रकाश टाकला तर त्यावर सावल्या दिसतात, काळ्यावर त्या बुडून जातात.

लेव्हल, म्हणजे रंगमंचावर मांडलेले उंच चौथरे, आतून पोकळ असतात, त्यामुळे शांत प्रसंगात पावलं धडधड वाजतात. वर जाड कापड ठोकून आम्ही आवाज दाबतो. काही दिग्दर्शकांना तोच आवाज हवा असतो. तसं असेल तर आधी सांगा.

भेटायला येताना पूर्ण संहिता, रंगमंचाची मापं आणि दोन प्रवेशांमध्ये नेपथ्य बदलायला किती वेळ मिळेल, एवढं घेऊन या. दुसऱ्या कुणाच्या प्रयोगाचे फोटो आणलेत तरी चालेल, फक्त ते आम्ही संहिता वाचून झाल्यावरच बघू.