नकाशातला नाला आणि आपला नाला

मुंबईच्या उपनगरांचा सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना नकाशा, शीट नंबर ४७ ए/१६, एक इंचाला एक मैल. तपकिरी कंटूर (सारख्या उंचीच्या रेघा) कान्हेरीच्या डोंगराच्या बाजूला एकमेकांना चिकटलेले, पश्चिमेला उतरत आलो की विरळ, आणि रेल्वेलाइनकडे तर जवळजवळ गायबच, कारण तिथे तेव्हा नुसती सपाट भातशेती, खाजण नि मिठागरं.

या डोंगरातून कुठल्या चार नद्या उतरतात ते आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे, सोडून देऊ. गंमत रंगात आहे. या शीटच्या पद्धतीत बारमाही पाणी निळं, उन्हाळ्यात आटणारा प्रवाह काळा. सर्व्हे व्हायचा पाऊस संपल्यावर, जुलैच्या चिखलात मोजणीचं टेबल लावून कोण बसणार? त्यामुळे पावसात कमरेपर्यंत येणारं पाणी कागदावर एक बारीक काळी रेघ होऊन बसतं. झेरॉक्सवर तर ती थेट पायवाट वाटते, मी एकदा बोट फिरवत फिरवत 'वाटेने' पार डोंगरात चढलो आणि तो निघाला ओढा.

त्यात शब्दांचा घोळ. आपल्या शीटवर 'क्रीक' म्हणजे खाडी, माहीमची, मालाडची. अमेरिकेच्या जुन्या नकाशात तोच शब्द साध्या ओढ्याला, म्हणून तिकडची शीट इथल्या डोक्याने वाचली की डोंगरपायथ्याला खाडी सापडते! पण खरा घोटाळा 'नाला'चा. नकाशात नाला म्हणजे लहान ओढा, घाणीशी त्याचा काही संबंध नाही. आपल्याकडे वस्ती वाढली, सांडपाणी त्यातच सोडलं आणि नाला म्हणजे गटार झालं. एकदा गटार म्हटलं की भिंत बांधा, वळवा, वर स्लॅब टाका, विचारतंय कोण. माझ्या मते काळ्या रेघेपेक्षा या एका शब्दाने जास्त वाट लावली.

या डोंगरातली धरणं तर या घोळाच्याही आधीची. विहार १८६०, तुळशी १८७९, पवई १८९०, म्हणजे मिठी नदीचं वरचं पाणी तेव्हाच अडलं आणि ती तलावांच्या ओव्हरफ्लोवर आली.

पुढे मैल जाऊन मेट्रिक आलं, १:५०,००० स्केल, कंटूर २० मीटरवर. २००५ मध्ये नकाशांचं धोरण सैल झालं, तोवर किनारपट्टीच्या शीट साध्या माणसाला सहज मिळायच्या नाहीत. त्याच वर्षी २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला. कुर्ला, कलिना, बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), पाणी भरलं ते बहुतेक सगळं त्या पहिल्या २० मीटरच्या रेघेखाली, जिथे कंटूर नावाची गोष्टच नाही.